पिकअपचे ॲव्हरेज आणि टायरमधली हवा



बाजारच्या दिवशी गट ऑफिससमोर चार पिकअपवाले एकत्र आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुझी काय देते?" उत्तरेही ठरलेलीच. एकजण चौदा सांगतो, दुसरा सोळा सांगतो, आणि तिसरा "अवो, अठराच्या खाली कधी आलीच न्हाई" म्हणून मोकळा होतो. चौथा गप्प चहा पीत असतो. हिशेबाची वही बहुधा त्या चौथ्याच्याच खिशात असते.

आपल्या या पत्रकात लागण, खोडवा, पाण्याच्या पाळ्या, खताचे हप्ते यांवर मजकूर येतो. त्यात गाडीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या दारात पूर्वी बैलगाडी सुटलेली असायची त्या दारात आज पिकअप उभी आहे. बेणे, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, दुधाचे कॅन, टोमॅटोची कॅरेट हे सगळे तिच्यातूनच फिरते. बैलाला वैरण घरची होती. या गाडीची वैरण पंपावरून रोख आणावी लागते, आणि ती बहुतांशी परदेशातून येते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांवर तेल आयात होते. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवले तेव्हा काही महिन्यांत भाव चौपट झाले होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. डिझेलवरचे सरकारी भावनियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले आणि १६ जून २०१७ पासून पंपावरचा भाव रोजच्या रोज बदलण्याची पद्धत आली. म्हणजे भाव आपल्या हातात नाही. किती लिटर जाळायचे, एवढेच काय ते आपल्या हातात आहे.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे कुठल्याही लहान मालगाडीला "टेम्पो" म्हणतात. हे नाव मुळात एका जर्मन कंपनीच्या गाडीचे. १९५८ साली तिच्याशी करार करून बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, आणि तिच्या गाड्या इतक्या रुळल्या की नाव जातीचेच झाले. पुढे १९८६ साली टाटांची ४०७ आली, २००५ साली "छोटा हत्ती" आला, आणि आता खेडोपाडी पिकअप आहेत. कंपनीने २००५ मध्ये आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले, तरी आपण टेम्पोच म्हणतो.

ॲव्हरेज कसे काढावे

गाडीतला काटा बघून किंवा "हजाराचे टाकले आणि इतके पळाली" असे म्हणून ॲव्हरेज कळत नाही. टाकी फुल ते टाकी फुल हाच खरा मार्ग. पंपावर टाकी भरून घ्यावी, नोजल आपोआप पहिल्यांदा बंद पडेल तिथे थांबावे, वर दाबून दाबून भरू नये. त्याच वेळी किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. समजा तो ४८,२१० आहे. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तशाच सपाट जागी पुन्हा टाकी फुल करावी. आकडा ४८,७५६ झाला आणि ३९ लिटर बसले. गाडी ५४६ किलोमीटर चालली, ३९ ने भागले, १४ आले. हे झाले एका खेपेचे. एका खेपेवर विसंबू नये. असे तीन-चार वेळा करावे, सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, आणि मग भागाकार. बारा, चौदा, सोळा यांची बेरीज करून तीनाने भागायची चूक पुष्कळजण करतात. तो आकडा खरा नसतो.

वहीत आणखी एक रकाना ठेवावा, माल किती होता आणि वाट कुठली. मोकळी गाडी सोळा देते आणि खंबाटकी घाट चढून गुलटेकडीला टोमॅटो घेऊन जाणारी बारा देते, यात गाडीचा दोष काही नाही. बारावाल्याने सोळावाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

आता पैशाचा हिशेब करू. हिशेबाला सोपे म्हणून डिझेल लिटरला ९० रुपये धरले आणि वर्षाचे २५,००० किलोमीटर धरले. १२ देणाऱ्या गाडीला सुमारे २,०८३ लिटर लागतात, १४ देणाऱ्या गाडीला १,७८६. फरक सुमारे ३०० लिटरचा, म्हणजे जवळजवळ २७,००० रुपयांचा. उसाचा दर टनाला ३,००० रुपये धरला तर हा ९ टन ऊस झाला. एवढ्या उसासाठी आपण किती पाळ्या पाणी देतो!

यात एक गोष्ट पटकन ध्यानात येत नाही. १० ची गाडी १२ वर आणली तर शंभर किलोमीटरला पावणेदोन लिटरच्या आसपास वाचतात. १४ ची गाडी १६ वर आणली तर एक लिटरही वाचत नाही. दोन्हीकडे दोनचीच वाढ, पण लाभ निम्मा. ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत त्याने चांगलीच्या मागे न लागता आधी वाईट गाडी सुधारावी.

डिझेल जाते कुठे

डिझेल इंजिन हे पेट्रोलपेक्षा काटकसरी खरेच, पण लिटरमधली चाळीस टक्क्यांच्या आतबाहेर ताकद कामाला येते आणि उरलेली रेडिएटर आणि धुराड्यातून उष्णता होऊन जाते. त्या उरलेल्याचे आपण काही करू शकत नाही. जी चाकापर्यंत पोचते ती कुठे खर्च होते ते पाहावे. एक हवा कापण्यात, दुसरी टायर लोळवण्यात, तिसरी वजन पळवण्यात आणि पुन्हा ब्रेक मारून ते थांबवण्यात.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलात की वेग तेहतीस टक्के वाढला, पण हवेचा विरोध पावणेदोन पटीच्या वर गेला. पिकअपच्या हौद्यात कॅरेटची उंच थप्पी आणि तिच्यावर फडफडणारी ताडपत्री असेल तर मग बोलायलाच नको. ताडपत्री घट्ट आवळून बांधणे हेही डिझेल वाचवणेच आहे. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ही १९७८ पासूनची सरकारी संस्था चालकांना ताशी ४५ ते ५५ चा वेग धरायला सांगते. महामार्गावर एवढ्या हळू जमणार नाही, हे आम्हालाही कळते. पण पहाटेच्या लिलावाला जायचे म्हणून अर्धा तास उशिरा निघायचे आणि मग नव्वदने पळवायचे, हा अर्धा तास फार महाग पडतो.

गाडी उभी करून इंजिन चालू ठेवले तर तासाला अर्धा-पाऊण लिटर डिझेल नुसते बसून जाते. बाजार समितीच्या रांगेत हे रोज घडते.

उताराला गाडी न्यूट्रल करणे ही तर जुनी खोड. त्याने डिझेल वाचते अशी समजूत आहे, ती उलटी आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनात डिझेल जाणे बंद होते आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केले की इंजिनाला चालू राहायला डिझेल प्यावे लागते. वर इंजिनाचा अडसर गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. काहीजण तर किल्लीच बंद करतात. मग दोन-तीनदा पाय मारल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही जड होते. घाटात हे कोणी करत असेल तर त्याच्या शेजारी बसू नये.

बाजारात डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्या आणि नळीला बांधायचे चुंबक मिळतात. डिझेलला चुंबक ओढत नाही, त्यामुळे नळीला बांधून ते काय करणार, याचा विचार घेणाऱ्यानेच करावा. त्याच पैशात एअर फिल्टर नवा येतो. रॉकेल मिसळणे हा गुन्हा आहेच, शिवाय डिझेलची जी वंगणाची शक्ती असते ती रॉकेलात कमी असल्याने पंप आणि नोजल झिजतात.

एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस. ६ गाड्यांविषयी दोन शब्द वेगळे सांगावे लागतील. काही गाड्यांत युरियाच्या द्रावणाची निराळी टाकी असते. ते द्रावण ३२.५ टक्के शुद्ध युरियाचे असते. आपल्या घरात युरियाची पोती पडलेली असतात, तेव्हा घरीच विरघळवून ओतावा असे मनात येणे साहजिक आहे. पण ते करू नये. शेतीचा युरिया २०१५ पासून सगळा निमलेपित आहे आणि त्यात इतरही अशुद्ध भाग असतो. त्याने धूर शुद्ध करणारा भाग खराब होतो आणि तो भाग अतिशय महाग आहे. दुसरे असे की, या गाड्यांना काजळी अडवणारी जाळी असते. गाडी सदा गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच फिरली तर ती तुंबते. दिवा लागला की गाडी मोठ्या रस्त्याला नेऊन एका लयीत वीस-पंचवीस मिनिटे चालवावी. दिवा तसाच राहिला तर गॅरेजला दाखवावे.

टायर

आता मुख्य विषयाकडे. ॲव्हरेजच्या गप्पा रंगतात, टायरवर मात्र कोणी बोलत नाही, तो फुटेपर्यंत.

हवा कमी असली की ॲव्हरेज पडते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण किती पडते? चारी चाकांत एक पौंड कमी असेल तर डिझेल साधारण ०.२ टक्के जादा लागते. दहा पौंड कमी असेल तर दोन टक्के. वर्षाला १,८०० लिटर जाळणाऱ्याचे ३६ लिटर. आकडा पुष्कळांना लहान वाटेल, आणि तो डिझेलच्या हिशेबात लहानच आहे. खरा तोटा तिथे नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला बाजूने चेपतो आणि पुन्हा ताठ होतो. तार उलटसुलट वाकवली की गरम होऊन तुटते, तसेच टायरच्या आतल्या धाग्यांचे होते. चैत्र-वैशाखात रस्ता तापलेला, हौदा भरलेला, वेग ऐंशीचा, आणि टायरात दहा पौंड कमी. तो टायर कडेने फाटतो. मागचा फाटला तर गाडी हेलकावते, पुढचा फाटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.

हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी. किती भरायची तो आकडा दाराच्या आतल्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतो, मोकळ्या गाडीला वेगळा आणि भरलेल्या गाडीला वेगळा. पंक्चरवाल्याने सांगितलेला आकडा हा त्याचा अंदाज असतो. चालून तापलेल्या टायरात हवा जादा दाखवते म्हणून ती काढून टाकू नये. टायर थंडावला की ती कमीच भरणार. स्टेपनीची हवाही त्याच वेळी बघावी. स्टेपनी लागते तेव्हाच ती बसलेली सापडते, हा अनुभव घरोघरचा आहे.

टायरवर बरेच काही लिहिलेले असते आणि ते वाचायला दोन मिनिटे लागतात. २१५/७५ आर १५ असे लिहिले असेल तर रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि रिम १५ इंची. एका लांबट चौकटीत चार आकडे असतात, उदाहरणार्थ २२१९. म्हणजे २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यात टायर तयार झाला. नवा म्हणून चार वर्षांचा पडून राहिलेला टायर कोणी गळ्यात मारत असेल तर इथे कळते. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की खाच १.६ मिलिमीटर उरली असे समजावे, आणि तो बदलावा. पावसात त्याच्याकडून ब्रेकची अपेक्षा धरू नये.

आणखी एक आकडा भाराचा. १०० असेल तर एका टायरला ८०० किलो, ११० असेल तर १,०६० किलो, ११२ असेल तर १,१२० किलो, तेही हवा पूर्ण असेल तर. आता हिशेब करा. समजा गाडी मालासह ३ टन पासिंगची आहे आणि त्यातले २ टन मागच्या ॲक्सलवर येतात. मागच्या एका टायरवर १ टन झाला. टायर ११२ चा आहे, तो हे पेलतो आणि थोडी सवड राहते. आता कोणी एक टन माल जादा घातला. हा जादा भार जवळजवळ सगळा मागेच पडतो. टायरवर दीड टन होतो, पेलायची ताकद १,१२० किलो. "मी जादा पाटा टाकून घेतलाय" असे यावर उत्तर येते. पाटा टाकल्याने गाडी खाली बसलेली दिसत नाही, एवढेच. टायर, ब्रेक आणि ॲक्सल होते तेवढेच राहतात.

दोन खेपांऐवजी एक खेप केली तर डिझेल वाचते, हे खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मागच्या टायरचे आयुष्य, ब्रेक लायनर आणि पाटे यांचा खर्च त्याच वहीत मांडला तर वाचलेले डिझेल त्यात बुडते. पकडले गेल्यास २०१९ पासून दंड २०,००० रुपये आणि जादा टनामागे २,००० रुपये आहे, तो निराळा.

टायरची झीजही बोलत असते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहते आहे. मधोमध झिजला तर हवा जादा. एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट बिघडली आहे. जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजला तर शॉकॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघावे. रिमोल्ड केलेला टायर पुढच्या चाकाला टाकू नये.

एक तक्रार नेहमी येते. "नवे टायर टाकले आणि ॲव्हरेज पडलं." यात दोन गोष्टी आहेत. नवा टायर जाड असल्याने लोळवायला थोडा जड जातो, हे खरे. पण दुसरी गोष्ट कागदावरची आहे. झिजलेला टायर घेराने लहान असतो, त्यामुळे तो तेवढ्याच वाटेला जास्त फेरे घेतो आणि मीटर जादा किलोमीटर दाखवतो. वरच्या मापाचा टायर पूर्ण झिजला तर हा फरक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या टायरवर जे ॲव्हरेज वाढलेले दिसत होते त्यातले काही कधी नव्हतेच. उलट २१५ च्या जागी कोणी २३५ चा टायर बसवला तर घेर सव्वाचार टक्क्यांनी वाढतो आणि मीटर तेवढे कमी दाखवते. अशा माणसाचे ॲव्हरेज काढताना हे धरावे.

माणसे नेण्याविषयी

हा भाग लिहिणे भाग आहे. भांगलणीच्या बायका, तोडणीची टोळी, वऱ्हाड, देवाला निघालेली भावकी, सगळे पिकअपच्या हौद्यात बसतात. माणुसकीच्या पोटी कोणी नाही म्हणत नाही. पण मालगाडीचा विमा फुकट नेलेल्या प्रवाशाला लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००२ चा निकाल आहे. मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस असेल तर त्याला कायद्याने संरक्षण आहे, इतरांना नाही. अपघात झाला तर भरपाई गाडीच्या मालकावर येते. कधी न्यायालय विमा कंपनीला आधी रक्कम भरायला लावते, पण ती कंपनी नंतर मालकाकडून वसूल करते. हौद्यात बारा माणसे असतील आणि मागचा टायर फाटला तर भरपाईसाठी जमीन विकावी लागेल, आणि गेलेली माणसे तर भरून येणारच नाहीत. टोळीसाठी प्रवासी गाडी ठरवावी. तिचे भाडे जास्त वाटले तरी ठरवावी.

गाडीवाल्यांची बैठक

चहाच्या टपरीवरच्या गप्पा वाईट नाहीत. चांगला मिस्त्री कुठे आहे, कुठल्या कंपनीचा टायर किती चालला, हे तिथेच कळते. फक्त त्या गप्पांना वहीची जोड हवी. गटातल्या दहा-बारा पिकअपवाल्यांनी महिन्यातून एकदा ठरवून बसावे आणि प्रत्येकाने चार फुल टाक्यांचा हिशेब बरोबर आणावा. गाडी कोणत्या सालची, टायर कोणता आणि किती किलोमीटरचा, माल काय, वाट कुठली, हे सांगितल्याशिवाय ॲव्हरेजचा आकडा ऐकून घेऊ नये. टायरसाठी तर हे फारच उपयोगी आहे. एकाच मापाचे, एकाच वाटेवरचे पाच टायर किती किलोमीटरला संपले, हे पाचजणांनी मांडले तर दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा ते भरवशाचे. दहाजणांनी मिळून हवा मोजायचा एक चांगला गेज घेतला तर खर्च नावालाच येतो. आणि एकाचा टायर दुसऱ्याने तपासावा. आपल्या गाडीची झीज आपल्या डोळ्याला सवयीने दिसेनाशी होते.

गळीत हंगाम संपला की वजनकाटा मोकळा असतो. तेव्हा काट्यावरच्या क्लार्कला विचारून गाडी एकदा मोकळी आणि एकदा नेहमीच्या मालासह आणावी. भरलेली गाडी आधी फक्त पुढच्या चाकांनी काट्यावर घ्यावी, आकडा लिहावा, मग पूर्ण गाडी घ्यावी. दुसऱ्यातून पहिला वजा केला की मागच्या ॲक्सलचे वजन निघते. त्याला दोनाने भागून तो आकडा टायरवरच्या आकड्याशी तिथेच उभे राहून ताडून बघावा. येताना आर.सी. बुक आणि वही आणायला विसरू नये.